भिडू म्हणजे काय? अर्थ, उगम, वापर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'भिडू' हा शब्द मुंबईत रोज कानावर पडतो, पण तो नक्की कुठला, मराठी की हिंदी, चांगला की टपोरी, कोणाला म्हणायचा आणि कोणाला नाही, ह्यावर लोकांमध्ये बराच गोंधळ आहे. नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली दिलीत.

भिडू म्हणजे नक्की काय?

खेळात जो आपल्या बाजूने खेळतो तो आपला भिडू. मूळ अर्थ एवढाच. लगोरी असो, विटीदांडू असो, कबड्डी असो नाहीतर पत्ते, दोन पार्ट्या पडल्या की आपल्या पार्टीतला प्रत्येक जण आपला भिडू असतो, मग तो सख्खा भाऊ असो किंवा काल सकाळी बिल्डिंगमध्ये राहायला आलेला नवीन मुलगा.

त्यावरून पुढे जवळचा दोस्त, नेहमी बरोबर असणारा, आपली बाजू घेणारा माणूस असा अर्थ झाला, आणि मुंबईच्या हिंदीत तर तो नुसती हाक मारायचा शब्द झाला, 'क्या भिडू', 'सुन ना भिडू', तिथे समोरचा दोस्त असलाच पाहिजे असंही नाही.

मला ह्या शब्दात सगळ्यात जास्त आवडतं ते म्हणजे बाकीचे मैत्रीचे शब्द बघा, जिगरी, जिवलग, जिवाभावाचा, सगळे मनातल्या गोष्टी सांगतात, आणि भिडू हा एकच शब्द असा आहे की तो माणूस कुठे उभा आहे ते सांगतो. तुमच्या बाजूला की समोर, एवढंच तो विचारतो.

हा शब्द आला कुठून?

'भिडणे' ह्या क्रियापदापासून. भिडणे म्हणजे जाऊन टेकणे, अंगाला अंग लागणे, आणि समोरासमोर लढायला उभं राहणेसुद्धा. पुराचं पाणी पुलाला भिडलं, टॉवर आभाळाला भिडले, गाणं मनाला भिडलं, मावळे शत्रूला भिडले, हे सगळं एकाच क्रियापदाचं आहे.

आणि मराठीत क्रियापदाला 'ऊ' लावून नाम किंवा विशेषण करायची जुनी सवय आहे, झाडणेवरून झाडू, चालणेवरून चालू, लागणेवरून लागू, तसंच भिडणेवरून भिडू. क्रियापदसुद्धा बरंच जुनं आहे, प्राकृतात 'भिडइ' असं रूप सापडतं आणि हिंदीतलं 'भिड़ना', गुजरातीतलं 'भिडवुं' ही त्याचीच भावंडं. पण भिडणेपासून भिडू बनवून त्याला खेळातला जोडीदार म्हणायचं हे मराठीने केलेलं काम आहे.

भिडणे म्हणजे लढणे, मग भिडू म्हणजे समोरचा गडी असायला पाहिजे ना?

चांगला प्रश्न आहे हा आणि खूप जण विचारतात. वापर बघितला तर उत्तर सरळ आहे, समोरच्या पार्टीतल्या माणसाला मराठीत कोणीही 'माझा भिडू' म्हणत नाही, त्याला 'त्यांचा भिडू' म्हणतात. म्हणजे भिडू नेहमी कुणाच्या तरी बाजूचाच असतो. ह्याची फोड दोन प्रकारे करता येते, एक म्हणजे खांद्याला खांदा भिडवून उभा राहणारा, दुसरी म्हणजे आपल्याकडून समोरच्याला जाऊन भिडणारा. मला पहिली जास्त पटते कारण पत्त्यांमध्ये कोणी कोणाला अंगाने भिडत नाही आणि तरी तिथे भिडू हाच शब्द आहे. पण कबड्डीच्या मैदानावर उभं राहून ऐकला तर दुसरी फोडसुद्धा खोटी वाटत नाही.

हा हिंदी सिनेमातला शब्द आहे ना?

नाही. हे अगदी ठासून सांगायला पाहिजे कारण आता आपलीच पोरं असं समजायला लागलीत की भिडू हा बॉलिवूडचा शब्द आहे आणि आपण तो मराठीत वापरतो. उलट आहे सगळं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची, त्यात हा शब्द खेळातला जोडीदार ह्या अर्थाने आहे. दादासाहेब फाळक्यांचा पहिला चित्रपट आला १९१३ साली आणि बोलपट सुरू झाले १९३१ ला. म्हणजे पडद्यावर कोणी तोंड उघडायच्या आधी पाऊणशे वर्षं हा शब्द कोशात छापलेला होता आणि पोरांच्या तोंडी तर त्याच्याही किती तरी आधीपासून असणार, कारण कोश करणारे शब्द बनवत नाहीत, ते ऐकून लिहून घेतात.

मग तो हिंदीत गेला कसा?

मुंबईमुळे. १८५० नंतर मुंबईत कापड गिरण्या उभ्या राहायला लागल्या आणि कोकण, सातारा, कोल्हापूर, पुणे जिल्हा इथून माणसं कामाला आली, लालबाग, परळ, वरळी, गिरगाव सगळीकडे चाळी झाल्या. एका मजल्यावर वीस-वीस खोल्या आणि खेळायला मधला चौक नाहीतर समोरची गल्ली. त्या गल्लीत मराठी पोरांबरोबर गुजराती, उत्तरेकडची, तेलुगू, मुसलमान, ख्रिश्चन सगळी पोरं खेळायची आणि खेळाची भाषा जी असेल ती सगळ्यांना घ्यावीच लागते, कारण भिडू म्हणजे काय हे माहीत नसेल तर तुम्ही कुठल्या पार्टीत हेच कळणार नाही. ही पोरं मोठी झाली, कामाला लागली, आणि शब्द गल्लीतून नाक्यावर, नाक्यावरून बाजारात आणि तिथून सिनेमात गेला.

एकटा भिडूच गेला असं नाही. मुंबईच्या हिंदीतलं 'अपुन' हे आपलं आपण, 'वाट लगा दी' मधली वाट आपली, 'झकास' आपलं, 'खोपचा' आपला. लोक ह्याला बिघडलेली हिंदी म्हणतात ते मला अजिबात मान्य नाही. वेगवेगळ्या भाषांची माणसं एका शहरात एकत्र राहिली, एकत्र राबली, त्यांनी आपसात बोलायला जी भाषा उभी केली ती आहे ही आणि तिच्यात मराठीचा वाटा मोठा आहे.

जॅकी श्रॉफ आणि भिडू हा काय संबंध?

जॅकी श्रॉफ वाढले ते वाळकेश्वरच्या तीन बत्तीला, चाळीत. १९८३ ला हिरो म्हणून पुढे आले आणि स्टार झाल्यावरही मुलाखतीत, स्टेजवर, रस्त्यात भेटणाऱ्या माणसाशी ते ज्या मुंबईच्या भाषेत वाढले त्याच भाषेत बोलत राहिले, आणि त्यात प्रत्येक दोन वाक्यांनंतर भिडू. देशभरातल्या लोकांना हा शब्द माहीत झाला तो मोठ्या प्रमाणात त्यांच्या तोंडून, हे त्यांचं श्रेय आहे आणि ते द्यायलाच पाहिजे. मुंबईबाहेरच्या माणसाला आज भिडू म्हटलं की त्यांचाच आवाज आठवतो.

भिडू शब्दावर त्यांचा कायदेशीर हक्क आहे, आता तो वापरता येत नाही, हे खरं आहे का?

मे २०२४ मध्ये जॅकी श्रॉफ दिल्ली हायकोर्टात गेले होते. आपलं नाव, फोटो, आवाज आणि आपली ओळख असलेले शब्द, त्यात 'जग्गू दादा' आणि 'भिडू' पण होते, लोक परवानगी न घेता धंद्यासाठी वापरतात अशी तक्रार होती. कोर्टाने काही विक्रेत्यांवर वगैरे अंतरिम बंदी घातली. हा सगळा मामला होता एखाद्या कलाकाराच्या ओळखीचा धंद्यासाठी फायदा उठवण्याचा. तुम्ही दोस्ताला भिडू म्हटलं, ग्रुपचं नाव 'आमचे भिडू' ठेवलं, लेकीला सांगितलं की जा तुझा भिडू खाली बोलावतोय, ह्याला कोणी हात लावलेला नाही. भाषेतला शब्द सगळ्यांचा असतो.

भिडू पाडणे म्हणजे काय?

पार्ट्या करण्याची पद्धत. आता ग्राउंडवर कोच याद्या घेऊन उभे असतात त्यामुळे नव्या पिढीतल्या बऱ्याच मुलांनी हे बघितलेलंच नाही, म्हणून जरा नीट सांगतो.

आधी दोन कॅप्टन ठरतात, बहुतेक वेळा वयाने मोठे किंवा ज्याची बॅट, ज्याचा बॉल तो. मग उरलेल्यांनी आपापल्या जोड्या लावायच्या आणि जोडी बरोबरीची पाहिजे, पळणारा पळणाऱ्याबरोबर, बारका बारक्याबरोबर. जोडीने एकमेकांच्या गळ्यात हात टाकून जरा लांब जायचं, विहिरीकडे नाहीतर जिन्याखाली, आणि कुजबुजत गुपचूप नावं ठरवायची, तू सूर्य मी चंद्र, तू वाघ मी सिंह, तू आंबा मी फणस. परत यायचं आणि कॅप्टनसमोर उभं राहून विचारायचं, कोणाला पाहिजे आंबा कोणाला पाहिजे फणस? ज्याची पाळी तो कॅप्टन म्हणणार 'आंबा', आणि आंबा झालेला पोरगा त्याच्या मागे जाऊन उभा राहणार, दुसरा दुसऱ्याकडे. पुढच्या जोडीला दुसऱ्या कॅप्टनने मागायचं.

किती हुशारीची पद्धत आहे बघा, कॅप्टनला माहीतच नसतं आपण कोणाला मागतोय, त्यामुळे कोणी शेवटपर्यंत न निवडलेला, नको असलेला म्हणून एकटा उभा राहत नाही. आणि जोडी बरोबरीची असल्यामुळे दोन्ही पार्ट्या आपोआप सारख्या होतात. शाळेत पीटीच्या तासाला दोन मुलांना पुढे बोलावून 'तुमची टीम निवडा' सांगतात तेव्हा शेवटी उरलेल्या मुलाचं तोंड बघवत नाही. पीटीच्या सरांनी खरंच ही पद्धत वापरून बघावी.

फितुरीही चालायची अर्थात, कॅप्टनला आधी डोळ्याने खुणावणं वगैरे. पकडला गेला तर परत भिडू पाडायचे.

एक जण जास्त झाला तर?

क्रिकेटमध्ये तो कॉमन, म्हणजे दोन्हीकडून बॅटिंग करणार. अगदी लहान भावंड असेल तर ते लिंबूटिंबू, काही ठिकाणी कच्चं लिंबू किंवा दूधभात म्हणतात, त्याला खेळायला घ्यायचं, धावू द्यायचं, पण आउट धरायचं नाही.

'नवा भिडू नवं राज्य' ह्याचा अर्थ काय?

खेळ रंगात आलेला असताना कोणी नवीन आलं तर चालू डाव मोडायचा, ज्याच्यावर राज्य असेल तो सुटला आणि नव्याने सुरुवात, बऱ्याच ठिकाणी नवीन आलेल्यावरच राज्य. 'नवा गडी नवं राज्य' असंही म्हणतात आणि तेच जास्त रूढ आहे. ज्याच्यावर बराच वेळ राज्य असायचं त्याला कोणी नवीन पोरगं गल्लीच्या तोंडाशी दिसलं की काय आनंद व्हायचा.

नंतर हे वाक्य मोठ्यांच्या जगात आलं. ऑफिसमध्ये नवीन साहेब आला आणि त्याने जुन्या सगळ्या सिस्टीम बदलल्या की हेच म्हणतात, लग्नानंतर नवा संसार मांडला तरी हेच.

पत्त्यातला भिडू आणि मैदानातला भिडू एकच का?

शब्द एकच पण माझ्या मते भिडू ह्या शब्दाचा खरा कस पत्त्यातच लागतो, त्यातही मेंढीकोटमध्ये. मैदानात सात-आठ भिडू असतात, एकाने चूक केली तरी बाकीचे सांभाळून घेतात. मेंढीकोटला चार जण बसतात, समोरासमोरचे दोघं एकमेकांचे भिडू, प्रत्येकी तेरा पानं आणि बोलायची बंदी. समोर बसलेल्या माणसाच्या हातात काय आहे ते फक्त त्याने टाकलेल्या पानांवरून ओळखायचं.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी, ह्यात दश्शीला मेंढी म्हणतात, चार दश्श्या असतात, ज्या जोडीला तीन मिळाल्या ती जिंकली, दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात, म्हणजे जिंकलेल्या फेऱ्या, जास्त ते, आणि चारही मिळाल्या तर कोट.

आता समजा भिडूने इस्पिकचा एक्का उतरला. उजवीकडच्याने सत्ती टाकली. तुमच्या हातात इस्पिकची दश्शी आणि नव्वी. हात भिडूचाच दिसतोय, दश्शी टाकली तर मेंढी घरात आली. पण तुमच्यानंतर अजून एक जण खेळायचाय, आणि त्याच्याकडे इस्पिक संपलेलं असेल तर तो हुकूम मारून हातासकट मेंढी घेऊन जाणार. इस्पिकची ही पहिलीच फेरी असेल तर टाकायला हरकत नाही, एक फेरी आधी होऊन गेली असेल तर विचार करावा लागतो. अशा वेळी चांगला भिडू समोरून नुसता बघत बसतो, भुवयासुद्धा हलवत नाही, कारण खूण केली तर तो डाव राहत नाही, आणि तुम्ही मेंढी घालवलीत तरी पुढच्या पानावर लक्ष ठेवतो. वाईट भिडू डाव संपायच्या आधीच 'टाकलीस कशाला' सुरू करतो.

मुंबईच्या लोकलमध्ये पत्ते खेळणारे ग्रुप कोणी बघितले असतील तर कळेल मी काय म्हणतोय. चौघांच्या मांडीवर मिळून एक बॅग आडवी ठेवलेली, पानं हातात, एक जण उभा राहून बघतोय, रोजची गाडी, रोजचा डबा, रोजची जागा. ह्यातला एखादा रिटायर झाला किंवा त्याची बदली झाली की बाकीचे सांगतात 'माझा भिडू गेला', आणि ते ऑफिसमधल्या कुठल्याही सहकाऱ्याबद्दल असं बोलत नाहीत. त्यांना एकमेकांचं घर माहीत नसतं कित्येकदा, पण समोरचा कुठल्या वेळी घाबरून हुकूम लवकर मोडतो ते पक्कं माहीत असतं.

कबड्डीत खेळाडूला गडी म्हणतात, मग भिडू आणि गडी ह्यात फरक काय?

गडी म्हणजे खेळणारा, कोणत्याही बाजूचा. 'गडी बाद' म्हणताना तो आपला की त्यांचा हे वेगळं सांगावं लागतं. भिडू म्हटलं की नातं आलंच, कोणाचा भिडू हा प्रश्न त्यात आहे. शिवाय गडी शब्दाला बाकीचेही अर्थ आहेत, शेतावर कामाला असलेला माणूस, गावाकडे काही ठिकाणी पुरुष माणूस किंवा नवरा, 'गडी मोठा हुशार' मधला गडी. भिडूला असे फाटे नाहीत.

कबड्डीचा विषय निघालाच आहे तर, तिचे जुने तीन प्रकार होते, संजीवनी, गामिनी आणि अमर. संजीवनीमध्ये समोरचा एक बाद केला की आपला बाद झालेला एक जण उठून परत आत येतो, आजच्या कबड्डीतही हेच आहे. रेषेबाहेर बसलेल्या भिडूला आत आणायचं म्हणून चढाईला जाणारा जीव तोडून दम धरतो. खेळाचा नियमच असा आहे की तुमच्या पराक्रमाने तुमचा भिडू जिवंत होतो.

सवंगडी, दोस्त, यार, लंगोटीयार, जिगरी, ह्यात भिडू कुठे बसतो?

सवंगडी हा पण खेळातूनच आलेला, पण तो आता पुस्तकी झाला, रोजच्या बोलण्यात कोणी 'माझा सवंगडी आला' म्हणत नाही. दोस्त आणि यार फारसीतून आले आणि इतके मुरले की परके वाटतच नाहीत. जिगरी पण तिकडचाच. लंगोटीयार म्हणजे लंगोटीच्या वयापासूनचा, तिथे काळ महत्त्वाचा, चाळिशीत झालेला मित्र कितीही जवळचा असला तरी तो लंगोटीयार होऊ शकत नाही.

भिडूला काळाची अट नाही. आज झाला, आज भिडू. आणि डाव बदलला की भिडू बदलू शकतो, काल तुमच्या विरुद्ध होता तो आज तुमच्या बाजूला. म्हणून काही लोक म्हणतात की भिडू हा कच्चा शब्द आहे, मैत्रीपेक्षा खालचा. मला तसं वाटत नाही. जोपर्यंत डाव चालू आहे तोपर्यंत तो पूर्ण तुमचा असतो, अर्धवट भिडू असा प्रकारच नसतो.

'पक्का भिडू' कोणाला म्हणायचं?

ज्याच्याबरोबर खेळताना सांगावं लागत नाही त्याला. लगोरीत सात ठिकऱ्या पडल्यात, एक जण रचायला बसलाय आणि बाकीचे मुद्दाम समोरून पळतायत म्हणजे बॉल त्यांच्या अंगावर मारला जाईल आणि रचणाऱ्याला दोन ठिकऱ्या जास्त ठेवता येतील, हे कोणी ठरवून करत नाही. पाठीत बॉल खाऊन जो हसत बाहेर जातो आणि ओरडतो 'रच रच रच' तो पक्का भिडू.

मुलींना भिडू म्हणतात का?

हो की. 'ती माझी भिडू', 'मला तुझी भिडू व्हायचंय'. रूप तेच राहतं, फक्त माझा-माझी बदलतं. लंगडी, लगोरी, खो-खो, पत्ते सगळीकडे मुली हा शब्द वापरत आल्यात. सिनेमातल्या वापरामुळे तो फक्त पुरुषांचा वाटायला लागला. घरात नवरा-बायको पत्ते खेळायला एका बाजूला बसले की आजी पण म्हणते 'मी नातीची भिडू'.

हा टपोरी शब्द आहे का? घरात बोलल्यावर ओरडतात.

आई-वडील ओरडतात कारण त्यांना त्यात नाक्यावरची हिंदी ऐकू येते. त्यांनीच लहानपणी हा शब्द हजारदा वापरलेला असतो, फक्त खेळताना. शब्दात शिवी नाही, अपमान नाही, काही वाकडं नाही. पण बोलायची जागा बघावी लागते. दोस्तांत, खेळात, घरच्या बरोबरीच्या माणसांत खुशाल बोला. वडीलधाऱ्यांना, सरांना, इंटरव्ह्यूला, बँकेतल्या ओळख नसलेल्या माणसाला 'काय भिडू' केलं तर तो आगाऊपणा वाटणार आणि त्यात त्यांची चूक नाही. काका-मामा स्वतः तुम्हाला भिडू म्हणत असतील तरी उलट म्हणायच्या आधी दोनदा विचार करा. अपवाद पत्त्यांचा, तिथे आजोबा तुमच्या समोर बसलेत तर ते तुमचे भिडूच आणि तसं म्हणायला काही हरकत नाही.

पेपरमध्ये राजकारणाच्या बातम्यांत भिडू कसा काय येतो?

युती-आघाडीतला जोडीदार पक्ष ह्या अर्थाने. 'नवा भिडू', 'जुना भिडू नाराज' असं हेडिंगला लिहितात, शब्द लहान आहे, जागेत बसतो आणि अर्थ बरोबर पोचतो, कारण युतीत सुद्धा डावापुरती बाजू एक असते.

मुंबईबाहेर जवळच्या दोस्ताला काय म्हणतात?

खेळातला भिडू महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी कळतो. हाक मारायला मात्र जिल्हा बदलला की शब्द बदलतो. कोल्हापूरला 'भावा' आणि 'मर्दा', आणि कोल्हापूरकराने भावा म्हटलं की त्यात तो कामाला धावून येणार हे धरून चाला. पुण्यात 'काय राव'. जळगाव-धुळ्याकडे 'भो'. नागपूरला 'बे', जवळच्याला प्रेमाने, बाहेरच्याला ते रागाचं वाटतं पण तसं नसतं. मालवणीत 'मेल्या' म्हणून जो शिव्या घालतो तो बहुतेक वेळा सगळ्यात जवळचा. गोव्यात 'पात्रांव' ऐकू येतं, ते पोर्तुगीजमधून आलंय, मूळ अर्थ मालक, धनी, पण दोस्ताला हाक मारताना पण चालतं. आणि मुंबईतली आत्ताची पोरं 'बंटाय' नाहीतर सरळ 'ब्रो' म्हणतात. म्हणोत बापडी, पण मेंढीकोटला बसल्यावर समोरच्याला ब्रो म्हणून भागत नाही, तिथे भिडूच लागतो.

भीड, भिडस्त ह्या शब्दांशी काही संबंध?

वापरात नाही. भीड म्हणजे संकोच, मुरवत, 'भीड भिकेची बहीण' ही म्हण त्यातली. आणि हिंदीत भीड़ म्हणजे गर्दी. भिडूचं कुटुंब म्हणजे भिडणे, भिडवणे, भिडंत.

लिहायचं कसं, भिडू की भीडू की भिडु?

भिडू. पहिली वेलांटी ऱ्हस्व, शेवटचा उकार दीर्घ. मराठीत शब्दाच्या शेवटी येणारा उकार दीर्घ लिहितात आणि त्याच्या आधीची वेलांटी अशा शब्दांत ऱ्हस्व होते. प्रत्यय लावला तरी तसंच, भिडूला, भिडूने, भिडूचा, भिडूशी. अनेकवचन पण भिडूच, 'आमचे चार भिडू'. हाक मारताना एकाला 'ए भिडू' आणि सगळ्यांना 'भिडूंनो', त्यातल्या अनुस्वाराला विसरू नका. हिंदीवाले ड खाली टिंब देतात कधीकधी, मराठीत ते टिंब द्यायचं नाही.